‘हॅम्लेट’मधील ‘कॉन्शन्स’ : एका अनेकार्थी शब्दाची युरोपीय भाषांतरे

एका शब्दाला अनेक अर्थ असले म्हणजे कोशकार त्यांना क्रमांक देऊन मोकळा होतो. भाषांतरकाराला ही सवलत नाही. त्याला त्या जागी एकच शब्द लिहावा लागतो, आणि तो लिहिताना मूळ शब्दाचे उरलेले अर्थ हातचे सोडावे लागतात. कोणता अर्थ सोडला ह्याची नोंद भाषांतरात कोठेच राहत नाही. मूळ भाषा न जाणणारा वाचक भाषांतरकाराने निवडलेल्या अर्थालाच मूळ लेखकाचा अर्थ समजतो, आणि त्याच्या आधारावर पात्रांची चिकित्सा करू लागतो. अशा रीतीने भाषांतरातील एक शब्द समीक्षेचा पाया होऊन बसतो. ह्या प्रक्रियेचे एक बोलके उदाहरण म्हणजे शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधील ‘कॉन्शन्स’ हा शब्द आणि त्याची फ्रेंच, जर्मन व रशियन भाषांतरे.

तिसऱ्या अंकाच्या पहिल्या प्रवेशातील सुप्रसिद्ध स्वगतात, जगावे की न जगावे ह्या प्रश्नाचा ऊहापोह करून झाल्यावर, माणसाला भ्याड बनविण्याचा दोष हॅम्लेट ‘कॉन्शन्स’कडे देतो. हा ‘कॉन्शन्स’ म्हणजे नेमके काय? पापपुण्याचा निवाडा करणारी सदसद्विवेकबुद्धी, की पुढचेमागचे पाहणारी केवळ विचारशक्ती? पहिला अर्थ घेतला तर हॅम्लेट हा नीतीच्या बंधनामुळे थबकलेला पुरुष ठरतो. दुसरा घेतला तर अतिविचाराने पंगू झालेला. ह्या नाटकावरील दोन शतकांच्या समीक्षेत ज्या दोन हॅम्लेटांची ओळख होते, त्यांतील भेद ह्या एका शब्दात साठविलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१

शब्दाचा पूर्वेतिहास प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. लॅटिन ‘कोन्स्किएन्तिआ’ हा शब्द ‘सह’ ह्या अर्थाचा उपसर्ग आणि ‘जाणणे’ ह्या अर्थाचा धातू ह्यांपासून बनला आहे. ग्रीक ‘सिनेइदेसिस’ ह्या शब्दाची घडणही तशीच आहे. दुसऱ्याच्या बरोबरीने एखादी गोष्ट जाणणे, तिचा साक्षी असणे, हा मूळचा भाव. माणूस जेव्हा स्वतःच्याच कृत्याचा साक्षी होतो, तेव्हा हे सहज्ञान न्यायासनावर बसते आणि शब्दाला नैतिक अर्थ येतो. ‘सह’चा भाव क्षीण झाला, तर मात्र नुसते जाणणे उरते. सी. एस. लुइस ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टडीज इन वर्ड्‌स’ ह्या ग्रंथातील एका प्रकरणात हेच दोन प्रवाह वेगळे करून दाखविले आहेत.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमार्फत आला. त्यापूर्वी ‘इनविट’ हा देशी शब्द त्या जागी होता. केंटमधील एका धर्मोपासकाने १३४० साली एका फ्रेंच नीतिग्रंथाचे जे भाषांतर केले, त्याच्या शीर्षकात ‘इनविट’ने पुन्हापुन्हा घेतलेला चावा अशी कल्पना आहे. मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. अपराध्याचे ‘मन खाते’ असे मराठी नित्य म्हणतेच. पुढे ‘इनविट’ लुप्त झाला आणि त्याचा सारा भार ‘कॉन्शन्स’वर पडला. शेक्सपिअरच्या काळी नैतिक साक्ष, पश्चात्तापाची टोचणी, अंतर्यामीची खात्री आणि साधी जाणीव हे सारे अर्थ हा एकच शब्द वाहत होता. केवळ जाणिवेसाठी ‘कॉन्शसनेस’ हे वेगळे नाम रूढ झाले ते सतराव्या शतकात, म्हणजे ‘हॅम्लेट’नंतर.

इतर भाषांनी हा वारसा निरनिराळ्या प्रकारे वाटून घेतला. फ्रेंच, इटालियन आणि स्पॅनिश ह्यांच्याकडे लॅटिनचा शब्द सरळ आला, आणि त्यांत नीती व जाणीव हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. जर्मनने नैतिक अर्थासाठी ‘गेविस्सेन’ आणि जाणिवेसाठी ‘बेवुस्टझाइन’ असे दोन शब्द केले. दोन्ही ‘जाणणे’ ह्याच धातूचे, आणि तो धातू संस्कृत ‘विद्’चा सगोत्र. रशियनमध्ये ‘सोव्येस्त’ आणि ‘सोझ्नानिये’ अशी जोडी आहे. पहिल्यात ‘विद्’चा भाऊबंद आहे, दुसऱ्यात ‘ज्ञा’चा, आणि दोहोंच्या आरंभी ‘सह’वाचक उपसर्ग आहे. तात्पर्य, घडण सर्वत्र सारखी. परंतु फ्रेंच भाषांतरकाराला निवड करावी लागत नाही, जर्मन आणि रशियन भाषांतरकाराला ती केल्यावाचून गत्यंतर नाही.

२

फ्रेंचची स्थिती वरवर पाहता सर्वांत सुखाची. १८५९ साली फ्रांस्वा-व्हिक्तोर ह्यूगो ह्याने आपल्या शेक्सपिअर-भाषांतराचा आरंभ ‘हॅम्लेट’च्या दोन जुन्या पाठांनी केला, आणि प्रस्तुत जागी ‘कोंसियांस’ हाच शब्द ठेवला. शब्दाला शब्द मिळाला, संदिग्धता राखली गेली, असे वाटते. परंतु अनेकार्थता ही केवळ अर्थांची संख्या नव्हे. त्या अर्थांपैकी कोणता पुढे उभा आहे आणि कोणता मागे, हेही तीत येते. फ्रेंचमध्ये सतराव्या शतकानंतर तत्त्वज्ञांच्या वापराने जाणिवेचा अर्थ बळावत गेला. इंग्रजीत ह्याच्या उलट घडले. ‘कॉन्शसनेस’ने जाणिवेचा भाग उचलला आणि ‘कॉन्शन्स’कडे नीतीच उरली.

हे अंतर किती पडले होते त्याचा पुरावा लॉकच्या भाषांतरात सापडतो. लॉकने मानवी आकलनावरील आपल्या निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीत, म्हणजे १६९४ साली, व्यक्तीच्या एकत्वाविषयीचे प्रकरण नव्याने घातले. त्याचा सारा युक्तिवाद ‘कॉन्शसनेस’ ह्या शब्दावर उभा आहे. प्येर कोस्त ह्याने ह्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर १७०० साली प्रसिद्ध केले. तो लॉकच्याच वास्तव्याच्या घरी शिक्षक म्हणून राहत होता; शंका विचारण्यास ग्रंथकार हाताशी होता. तरीही त्याला फ्रेंचमध्ये पुरेसा शब्द मिळेना. अखेर त्याने ‘कोंसियांस’ हाच शब्द मध्ये संयोगचिन्ह घालून लिहिला, आणि असे का करावे लागले ह्याचा खुलासा टीपेत केला. मालब्रांशने हा शब्द आंतरिक प्रतीती ह्या अर्थाने त्यापूर्वीच योजला होता. तरी सामान्य वाचक तो नैतिक अर्थानेच घेईल हे भय कोस्तला होते. एका आडव्या रेघेने त्याने शब्दाची फोड करून ‘सह’ आणि ‘ज्ञान’ हे घटक पुन्हा उघडे केले. नवा शब्द न घडविता, जुन्या शब्दाकडे थांबून पाहण्यास वाचकाला भाग पाडण्याची ही युक्ती भाषांतराच्या इतिहासात लक्षणीय आहे.

ह्या उदाहरणावरून एवढे निष्पन्न होते की, एकाच मूळचा आणि जवळजवळ एकाच रूपाचा शब्द हाती असणे म्हणजे समानार्थी शब्द हाती असणे नव्हे. कोस्तला जी अडचण तत्त्वज्ञानात आली, तीच उलट दिशेने ह्यूगोच्या आजच्या वाचकाला येते. त्याच्या कानी ‘कोंसियांस’मधील जाणिवेचा सूर इंग्रजी वाचकाला ऐकू येतो त्याहून मोठा असतो.

व्होल्तेरने ही सोय मुळात घेतलीच नाही. १७३४ च्या ‘लेत्र फिलोझोफिक’मधील अठराव्या पत्रात त्याने हे स्वगत पद्यात उतरविले, तेव्हा ‘कॉन्शन्स’च्या ठिकाणी त्याने ‘स्क्रुप्यूल’, म्हणजे धर्मभीरू माणसाला पडणारी शंका, हा शब्द घातला. त्या शंकेने शूर वीराचे रूपांतर भित्र्या ख्रिस्ती माणसात होते, असेही सुचविले. मुळात ख्रिस्ती धर्माचा उल्लेख नाही. भोंदू धर्मगुरूंवरचा जो टोला व्होल्तेरने ह्याच स्वगतात हाणला आहे, तोही मुळात नाही. हे भाषांतर स्वैर आहे, हे स्वतः व्होल्तेरही नाकारत नाही. परंतु नवलाची गोष्ट अशी की, शब्दाच्या नैतिक व पारलौकिक अर्थाची नाडी त्याच्या हाती अचूक लागली होती. त्याने तो अर्थ उपहासासाठी वापरला एवढेच.

३

जर्मन भाषांतराची कथा अधिक उद्बोधक आहे. ऑगुस्ट व्हिल्हेल्म श्लेगेल ह्याने १७९८ साली ‘हॅम्लेट’चे पद्य भाषांतर प्रसिद्ध केले, तेव्हा ‘बेवुस्टझाइन’ हा शब्द नवखा राहिला नव्हता. ख्रिस्तिआन व्होल्फने तो तत्त्वज्ञानात आणला होता आणि कांटच्या ग्रंथांनी तो सुशिक्षितांच्या तोंडी बसविला होता. म्हणजे श्लेगेलपुढे दोन्ही शब्द तयार होते, आणि त्याने ‘गेविस्सेन’ निवडला.

ह्याच श्लेगेलने १८०८ साली व्हिएन्ना येथे दिलेल्या व्याख्यानांत ‘हॅम्लेट’ला विचाराची शोकांतिका म्हटले. कृतीला पारख्या झालेल्या चिंतनाचे नाटक, ही त्याची समीक्षक म्हणून भूमिका. ती भूमिका भाषांतरात उतरवावयाची असती तर जाणीववाचक किंवा विचारवाचक शब्दाने त्याचे काम सोपे झाले असते. तसे त्याने केले नाही. भाषांतरकार श्लेगेल हा समीक्षक श्लेगेलपेक्षा मूळ संहितेशी अधिक प्रामाणिक राहिला. आपला सिद्धांत आपल्याच भाषांतरात न घुसविण्याचा हा संयम दुर्मिळ आहे.

४

रशियन भाषांतरांत मात्र ह्या एका जागी चार भाषांतरकारांनी चार शब्द योजले आहेत. निकोलाय पोलेवोय ह्याचे भाषांतर १८३७ साली मॉस्कोच्या रंगभूमीवर आले. त्यात ‘सोझ्नानिये’ हा जाणीववाचक शब्द आहे, आणि त्याला भित्र्या विचाराची जोड दिलेली आहे. १८४४ साली क्रोनेबेर्गने ‘सोव्येस्त’ हा नैतिक अर्थाचा शब्द घेतला. १९३३ साली लोझिन्स्कीने ‘राझ्दूम्ये’, म्हणजे सखोल चिंतन, असा शब्द योजला. तर १९४० साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पास्तेर्नाकच्या भाषांतरात सरळ ‘मिस्ल’, म्हणजे विचार, हा शब्द आला. शंभर वर्षांच्या ह्या प्रवासाची एकूण दिशा उघड आहे. क्रोनेबेर्गचा अपवाद सोडला तर शब्द नीतीपासून दूर आणि बुद्धीच्या जवळ सरकलेला आहे.

ह्याला रशियन समीक्षेची पार्श्वभूमी आहे. बेलिन्स्कीने १८३८ साली मोचालोव्ह ह्या नटाच्या हॅम्लेटवर जो दीर्घ निबंध लिहिला, तो पोलेवोयच्या भाषांतराचा प्रयोग पाहून. हॅम्लेटच्या इच्छाशक्तीचे दौर्बल्य हा त्यातील एक मुख्य विचार. १८६० साली तुर्गेन्येव्हने हॅम्लेट आणि दोन किहोते ह्यांची तुलना करताना हॅम्लेटला आत्मविश्लेषणाचे प्रतीक मानले. विचाराने गलितगात्र झालेला सुशिक्षित तरुण ही रशियन वाङ्मयातील एक ओळखीची व्यक्तिरेखा. हॅम्लेट तिचा मूळपुरुष ठरला. अशा वातावरणात विसाव्या शतकातील भाषांतरकारांना ‘कॉन्शन्स’मध्ये ‘विचार’ दिसला, तर त्यात आश्चर्य नाही. आधी भाषांतराने समीक्षेला दिशा दिली, मग समीक्षेने भाषांतराला.

५

‘विचार’ ह्या अर्थाच्या बाजूने आधार नाहीत असे नाही. स्वगतातील पुढच्याच वाक्यात निश्चयाच्या सतेज वर्णावर विचाराची फिकट छाया पडते अशी प्रतिमा आहे. ब्रॅडलीने १९०४ च्या ‘शेक्सपिरिअन ट्रॅजेडी’त स्पष्ट म्हटले आहे की, येथे ‘कॉन्शन्स’ म्हणजे नीतिबुद्धी नसून कृत्याच्या परिणामांचे चिंतन होय. चौथ्या अंकातील दुसऱ्या स्वगतात, परिणामांचा फार बारकाईने विचार करणाऱ्या भ्याड शंकेवर हॅम्लेट जो कोरडा ओढतो, त्याच्याशी ब्रॅडलीने ह्या स्थळाचा मेळ घातला आहे.

हे आधार तपासून घेतले पाहिजेत. पुढच्या वाक्यात ‘विचार’ आहे म्हणून आधीच्या वाक्यातही तोच असला पाहिजे, असे होत नाही. उलट, दोन्ही ठिकाणी विचारच असेल तर कवीने तीच गोष्ट दोनदा सांगितली असे होईल. आधी नैतिक साक्ष जागी होते, मग तिच्यामागून विचार येतो आणि निश्चय मावळतो, हा क्रम अधिक अर्थपूर्ण आहे. चौथ्या अंकातील स्वगत १६०४–०५ च्या दुसऱ्या क्वार्टोत आहे, १६२३ च्या फोलिओत नाही. तेव्हा त्याच्या साहाय्यानेच तिसऱ्या अंकातील शब्द उलगडतो असे म्हणणे म्हणजे फोलिओच्या वाचकाला तो अनाकलनीय होता असे म्हणण्यासारखे आहे. शिवाय त्या स्वगतात शंकेसाठी योजलेला ‘स्क्रूपल’ हा शब्द स्वतःच नीतिशास्त्राच्या परिभाषेतला आहे. ब्रॅडलीचा साक्षीदार उलटतपासणीत प्रतिपक्षालाच अनुकूल ठरतो.

नैतिक अर्थाच्या बाजूचा पुरावा तिहेरी आहे. पहिला नाटकातीलच. दुसऱ्या अंकाच्या शेवटी हॅम्लेट नाट्यप्रयोगाच्या सापळ्यात राजाचा ‘कॉन्शन्स’ पकडण्याचा बेत करतो. तिसऱ्या अंकात, स्वगतापूर्वी अगदी थोड्या ओळी आधी, पोलोनियसच्या सहज बोलण्याने आपल्या ‘कॉन्शन्स’वर चाबूक बसला असे राजा स्वतःशी कबूल करतो. लागलीच हॅम्लेट येतो आणि तोच शब्द उच्चारतो. प्रेक्षकाच्या कानात राजाचा शब्द अजून घुमत असताना त्याच शब्दाचा सर्वस्वी निराळा अर्थ त्याला कसा लागावा? पुढे लेअर्टिस सूडाच्या भरात ‘कॉन्शन्स’ला नरकात धाडतो, आणि अखेरीस मारण्याच्या क्षणी तो आपल्याला अडवीत आहे असे पुटपुटतो. दोन जुन्या मित्रांचा मृत्यू आपल्या ‘कॉन्शन्स’ला शिवत नाही, असे हॅम्लेट पाचव्या अंकात म्हणतो. अपराधी राजा, सूडाने पेटलेला लेअर्टिस आणि कर्तव्यात अडकलेला हॅम्लेट ह्या तिघांना एका मापाने मोजणारा हा शब्द आहे. लोझिन्स्कीच्या भाषांतरात राजाची ‘सोव्येस्त’ फाशात पकडली जाते, पण हॅम्लेटला भ्याड करते ती ‘राझ्दूम्ये’. दोन्ही वाक्ये स्वतंत्रपणे सुरेख आहेत. त्यांना जोडणारा धागा तेवढा तुटला आहे.

दुसरा पुरावा शेक्सपिअरच्या आधीच्या लेखनातला. ‘तिसरा रिचर्ड’ ह्या नाटकात ‘कॉन्शन्स’ माणसाला भित्रा करतो ही कल्पना भाडोत्री मारेकऱ्याच्या तोंडी येते, आणि शेवटच्या अंकात स्वतः रिचर्डच्या तोंडी ती दोन वेळा येते. तेथे खुनाच्या पापाची टोचणी हाच अर्थ आहे, ह्याविषयी दुमत होण्यास जागा नाही. भ्याडपणा आणि ‘कॉन्शन्स’ ह्यांची जोडी कवीच्या मनात पूर्वीपासून नैतिक अर्थानेच बसलेली होती.

तिसरा पुरावा १६०३ च्या पहिल्या क्वार्टोतला. ह्या पाठाची विश्वसनीयता कमी मानली जाते. पण समकालीनांनी हे स्वगत कसे ऐकले ह्याचा तो साक्षी आहे. त्यात मरणोत्तर प्रवासाच्या अखेरीस चिरंतन न्यायाधीश बसलेला आहे, आणि ‘कॉन्शन्स’ त्याच्या संदर्भात येतो. ज्याने कोणी हा पाठ सिद्ध केला, त्याने हा शब्द ईश्वरी न्यायाच्या भीतीशी जोडून ऐकला होता.

एक आक्षेप तरीही उरतो. प्रचलित पाठात हॅम्लेट पापाबद्दल बोलत नाही. तो अज्ञात प्रदेशाच्या भीतीबद्दल बोलतो. ही भीती नैतिक कशी? ह्याचे उत्तर पहिल्या अंकात आहे. आत्महत्येविरुद्ध ईश्वराचा दंडक नसता तर बरे होते, असे हॅम्लेट आपल्या पहिल्याच स्वगतात म्हणून चुकला आहे. ज्याला हा दंडक ठाऊक आहे, त्याच्यासाठी मृत्यूपलीकडचा प्रदेश हा भूगोलाचा विषय नसून निवाड्याचा आहे. ‘कॉन्शन्स’मधील जाणणे ते हेच: नियम जाणणे, आणि आपण त्याच्यापुढे उत्तरदायी आहोत हे जाणणे. जाणिवेचा अर्थ येथे नाही असे नव्हे. तो नैतिक अर्थाच्या पोटात आहे. म्हणून ‘गेविस्सेन’ किंवा ‘सोव्येस्त’ घेतल्याने जाणीव काही अंशी तरी राखली जाते, परंतु ‘मिस्ल’ घेतल्याने साक्षी पूर्णपणे हरवतो.

६

आगरकरांनी १८८३ साली ‘विकारविलसित’ ह्या नावाने ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, तेव्हापासून हा प्रश्न मराठीपुढेही आहे. ‘सदसद्विवेकबुद्धी’ हा शब्द अर्थाने काटेकोर, पण तो पाठ्यपुस्तकाचा शब्द आहे. नटाच्या तोंडी तो जड होतो, आणि त्यात निवाडा असला तरी टोचणी नाही. ‘विवेक’ आटोपशीर आहे, परंतु तो सद्‌गुण असल्यामुळे भ्याडपणाचे मूळ म्हणून खटकतो. ‘विचार’ने पास्तेर्नाकची वाट धरली जाते. ‘मन’ हा शब्द सर्वांत घरगुती आणि कदाचित सर्वांत समर्थ. कारण जनाची नाही तर मनाची तरी लाज धरावी असे म्हणताना मराठी माणूस त्याच आंतरिक साक्षीला आवाहन करीत असतो. पण ‘मन’ इतके व्यापक आहे की, राजा, लेअर्टिस आणि हॅम्लेट ह्या तिघांच्या मुखी ते एकाच अर्थाने ऐकू येईल अशी शब्दयोजना सबंध नाटकभर सांभाळावी लागेल.

हा शेवटचा मुद्दाच सर्व भाषांतरांना लागू आहे. अनेकार्थी शब्दाचा अर्थ एका वाक्यात ठरत नाही. कृतीत तो शब्द जेथे जेथे येतो तेथील सर्व स्थळे मिळून तो ठरतो. एकेका वाक्याला सर्वांत शोभेल असा शब्द निवडीत गेलेला भाषांतरकार प्रत्येक ठिकाणी बरोबर असूनही एकंदरीत चुकू शकतो. श्लेगेलने आणि क्रोनेबेर्गने ह्या एका ओळीत थोडी विचारशीलता गमावली असेल, पण राजपुत्राला राजाशी जोडणारा धागा त्यांनी हातचा जाऊ दिला नाही. हॅम्लेट आणि क्लॉडियस एकाच न्यायासनापुढे उभे आहेत, हे ज्या भाषांतरातून कळत नाही, त्या भाषांतरावरून हॅम्लेटच्या दौर्बल्याचा निकाल देण्यापूर्वी समीक्षकाने मूळ शब्द कोठे कोठे आला आहे हे एकदा पडताळून पाहावयास हवे.